दोरीवरचे वार

समोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईंनी गॅलरीतल्या दोरीला कागदाच्या सात पिशव्या चिमट्यांनी टांगल्या होत्या. प्रत्येकीवर स्केचपेनने एकेक वार लिहिलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मास्क आहेत, काकू. हॉस्पिटलनं सातच दिलेत. आज वापरलेला आठवडाभर वाऱ्यावर ठेवायचा, मग पुन्हा तोच." आम्ही त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. थाळ्या घरात भरपूर होत्या.

लॉकडाऊनमध्ये मला वार आठवेनासे झाले होते. सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी राहायचे आणि दोरीवर जी पिशवी दिसत नसेल, तो आजचा वार समजायचे. संध्याकाळी ती परत टांगली गेली की दिवस संपला. कुणाचा आठवडा कशावर टांगलेला असतो, कोण जाणे.

एका गुरुवारी त्या ड्यूटीवर गेल्या आणि तिथेच अ‍ॅडमिट झाल्या. पुढची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही दोन हात टाकले आणि कुकर लावला.

पिशव्या कुणी काढल्या नाहीत. हात लावायची भीती वाटते. बुधवार आणि शुक्रवार यांच्यामध्ये एक रिकामा चिमटा आहे. मी रोज चहा घेऊन खिडकीशी उभी राहते, आणि रोज गुरुवारच असतो.