तातेरावानं वाचलेला डबा

…तर तातेराव त्या गोणीपाशी उकिडवा बसलेला होता, आणि काल आपण गोष्ट तिथंच थांबवून, त्याला तसाच बसवून जेवायला उठलो. वडीगोद्रीच्या हमरस्त्यावरचं खताचं दुकान, पेरणीच्या तोंडची गर्दी, आणि हा गडी निवांत गोणीवरून बोट फिरवतोय. दुकानदार वैतागला.

"तात्या, घ्यायची तर घे. गोणीला काय गोंजारून राह्यला?"

"गोंजारत न्हाई, वाचून राह्यलो," तातेराव म्हणाला. "वर ठसठशीत अठरा-अठरा-दहा छापलंय, अन् खाली बारक्या अक्षरात आठ-आठ-दहा. आता मला येवढंच सांगा, वरचा खरा का खालचा?"

दुकानदारानं ती गोणी मुकाट आत ओढली. ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हापासून गावात खत घ्यायचं तर आधी तातेरावाला गाठायचं, असा रिवाजच पडला. माणूस चौथी शिकलेला, इंग्रजी आकडे सगळे गोण्यांवरून शिकलेला. त्याची रीत सोपी होती. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. तिन्हींची बेरीज करायची. बेरीज मोठी ती गोणी भारी. बाकी राहिली ती माती, आणि माती काय, आपल्या रानात फुकट आहे!

ही रीत पंधरा वर्षं कुठं चुकली नाही. चुकली ती एकदाच, आणि चुकली तीही घरात.

दोन हजार तीन साल. तातेरावाची बायको गिरिजाबाई कापसाची वाळली पऱ्हाटी उपटायला रानात गेली होती. एक खुंट उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसला. तिनं हळद दाबली आणि काम पुढं चालू ठेवलं. पंधरा दिवस झाले, महिना झाला, जखम काही मिटेना. शेवटी तातेरावानं तिला एस.टी.त घालून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी बोट टोचून रक्त तपासलं. साखर दोनशे ऐंशी!

डॉक्टर तसे चांगले, पण कायम कामाच्या घाईत. ते म्हणाले, "आजी, साखर बंद, गूळ बंद. गोळ्या वेळेवर घ्यायच्या. महिन्यानं या. साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही, आणि नाही भरली तर अंगठा काढावा लागेल. शेजारच्या खोलीत शरयूताई बसतात. काय खायचं काय नाही, ते त्यांच्याकडून समजून घ्या."

तातेरावानं घड्याळ बघितलं. साडेचारची गाडी होती. ताईंच्या खोलीबाहेर सात-आठ माणसं. "खायचं काय ते आपल्याला ठाऊक न्हाई का? चल," म्हणाला, आणि दोघं स्टँडकडं निघाली.

गाडीत गिरिजाबाई बराच वेळ पायाकडं बघत होती. अंबड मागं पडल्यावर म्हणाली, "अहो, अंगठा गेला तर चिखलात पाय धरायचा कशानं?"

काळ्या रानात वावरलेल्या माणसालाच हा सवाल सुचतो. त्या चिखलात माणसाला उभा धरतो तो पायाचा अंगठा. तातेराव म्हणाला, "जात न्हाई. मी हाये ना!"

गिरिजाबाईनं दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर तोडली. गुळाचं बोटही चाटलं नाही. धाकट्या जावेच्या घरी पुरणपोळी होती, तर ही बाई भाकरी आणि मेथी डब्यात बांधून घेऊन गेली. पण आठ-दहा दिवसांत तिचं तोंड उतरलं, चालताना धाप लागायला लागली. तातेराव शेतकरी माणूस. पीक पिवळं पडलं की त्याला एकच सुचतं, काहीतरी घालावं. तो अंबडला गेला आणि औषधाच्या दुकानात जाऊन म्हणाला, "अशक्तपणाची पावडर दाखवा."

शुगरची बाई आहे, हे तो दुकानात बोलला नाही. विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही. त्याला वाचता येत होतं ना!

दुकानदारानं तीन डबे ठेवले. तातेरावानं ते उलटे फिरवले आणि त्याचा चेहरा खुलला. मागं चौकट, चौकटीत आकडे! अगदी गोणीसारखं. एका डब्यावर वीस, बासष्ट, पाच. दुसऱ्यावर बारा, सत्तर, सहा. तिसऱ्यावर सात, शहाऐंशी, दोन. त्यानं तिथंच काउंटरपाशी बोटांवर बेरीज केली. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी आणि पंच्याण्णव! शंभरात पंच्याण्णव माल आणि पाच फक्त माती. असली गोणी त्यानं जन्मात बघितली नव्हती.

"ह्यो द्या," तो म्हणाला. "ह्याच्यात दम हाये."

मग रोज सकाळी आणि संध्याकाळी तातेराव स्वतः चुलीपाशी बसायचा. पेलाभर दूध, त्यात पावडरीचे दोन मोठे चमचे, गुठळी राहू नये म्हणून किती वेळ ढवळत बसायचा. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचा चहा केला नाही, तो पेला उपरण्याच्या टोकानं धरून बायकोपुढं न्यायचा. गिरिजाबाई एक घोट घ्यायची, त्याच्याकडं बघायची आणि उरलेलं पिऊन टाकायची.

महिना भरला. दोघं मोठ्या आशेनं जालन्याला गेली. साखर तीनशे चाळीस!

जखमेची एक कड काळी पडायला लागली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, गोळ्या घेता ना?"

"घेते ना, बराबर घेते."

"मग चोरून गोड खाता."

"न्हाई वो साहेब."

"सगळे असंच म्हणतात." डॉक्टर कागदावर लिहिताना मोठ्यानं बोलले, "पथ्य पाळत नाहीत. तीन आठवडे देतो. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर तातेरावानं विचारलं, आणि विचारू नये तसं विचारलं.

"गिरजे, खरं सांग. गूळ खाल्ला का?"

गिरिजाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पीठ मळायला घेतलं. तातेरावानं गुळाची ढेप फडक्यात बांधली आणि वरच्या माळ्यावर नेऊन ठेवली. तेही तिनं बघितलं.

सकाळी तो गोठ्यातून आत आला तर गिरिजाबाई पालथ्या घमेल्यावर उभी. उजव्या पायाला पट्टी, तो पाय अधांतरी, एका पायावर सगळा तोल, आणि हात माळ्यावर.

"अगं, काय करून राह्यली? पडशील ना!"

"गूळ घेते."

"गूळ? कशाला?"

"तुमच्या चहाला," गिरिजाबाई म्हणाली. "तुमाला गुळाचाच लागतो ना?"

तातेरावानं तिला धरून खाली उतरवली. ज्या बाईला चोरून खायचं आहे ती धन्यासमोर घमेलं लावून माळ्यावर चढत नसते, एवढं तर चौथी शिकलेल्यालाही कळतं.

"मंग साखर चढली कुठून?" तो खाली बसून म्हणाला.

"ते मला काय ठावं?" गिरिजाबाई म्हणाली. "मी काय खाऊन राह्यले ते तुमीच मोजा. दोन भाकरी, मेथी, वरण. अन् तुमी हातानं देता ते दूध. दुसरं काय हाये?"

तातेरावानं मान वर केली. भाकरी जुनी, मेथी जुनी, वरण जुनं. महिन्याभरात घरात नवीन आलं ते एकच. तो उठला, फळीवरचा डबा पिशवीत घातला आणि चहा न पिताच गाडी धरली.

या खेपेला तो थेट शरयूताईंच्या खोलीबाहेर जाऊन बसला. नंबर लागायला दुपार झाली. शरयूताई जुन्या जालन्यातल्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं शाळेतल्या बाईसारखं. त्यांनी डबा फिरवून बघितला.

"काका, हे तुम्ही शुगरच्या माणसाला देताय?"

"देतो ना ताई. पंच्याण्णव माल हाये त्यात."

"पंच्याण्णव कसे?"

तातेरावानं बेरीज समजावली. शरयूताईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबलं, आणि मग हसू विरलंही. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

"काका, आकडे तुम्ही बरोबर वाचले. नावं वाचली नाहीत. हा सात प्रोटीनचा, म्हणजे डाळीत असतं ते. हा दोन चरबीचा. आणि हा शहाऐंशी आहे ना, ते पीठ आणि साखर. खाली बारीक ओळ आहे बघा, त्यातली नुसती साखर किती ते वेगळं दिलंय. आणि हे सगळं शंभर ग्रॅममागं. तुम्ही दिवसाला किती देता?"

तातेरावानं ओंजळीत दाखवलं. ताईंनी हिशेब केला. "म्हणजे काकूंना तुम्ही रोज दहा चमचे साखर दिल्यासारखं झालं."

तातेरावानं डबा हातात घेऊन तो शहाऐंशीचा आकडा पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाला, "हरभऱ्याला युरिया."

"काय म्हणालात?"

"ताई, युरिया वाईट न्हाई. उसाला द्या, ऊस डोलतो. पन त्योच हरभऱ्याला दिला तर हरभरा माजतो. नुसता पाला. दाण्याच्या घाट्याचं नाव न्हाई. गोणीवरचा आकडा कितीबी मोठा असू द्या, आधी बघायचं रान कुणाचं हाये. मला हे दुसऱ्याच्या रानात बराबर कळतं." त्यानं डबा खाली ठेवला. "माझ्याच रानात कळलं न्हाई."

शरयूताईंनी मग त्याला बाजूला खुर्ची दिली आणि अर्धा तास शिकवलं. इंग्रजी अक्षरं येत नव्हती, तर त्यानं आकारानं ओळख धरली. झेंड्यासारख्या अक्षरानं सुरू होतं ते प्रोटीन, हे चांगलं. चंद्रकोरीनं सुरू होतो तो पिठा-साखरेचा लांबलचक शब्द, त्याच्यापुढं आकडा मोठा असला की डबा खाली ठेवायचा. आणि सापासारख्या अक्षराचं ते साखरेचं, त्याच्याकडं कधी पाठ करायची नाही. "आणि भाकरीवर काही छापलेलं नसतं," ताई म्हणाल्या, "म्हणून ती दोनाची दीड करा. वरण वाढवा, मुगाचं धिरडं द्या. अशक्तपणा भूक मारल्यामुळं आलाय. उपाशी ठेवू नका त्यांना."

तातेराव घरी पोचला तेव्हा गिरिजाबाई ओट्यावर मूग निवडत होती. त्यानं आधी माळ्यावरून ढेप काढली आणि होती त्या जागी, खालच्या फळीवर ठेवली.

"आता खाली का आणली?" गिरिजाबाईनं विचारलं.

"वर ठेवून काय करायची? चोर दुसराच निघाला."

"कोन?"

तातेरावानं पिशवीतून डबा काढून तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. बेरीज, दहा चमचे, सगळं. काही लपवलं नाही. सांगताना मान खाली होती. तिनं ऐकून घेतलं आणि मुगातला एक खडा लांब फेकला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "लई गोड लागायचं."

"अगं मंग बोलली का न्हाई?"

"तुमी येवढ्या मायेनं ढवळून ढवळून आणून देत होता," गिरिजाबाई म्हणाली, "न्हाई कसं म्हणू?"

असं झालं बघा! त्यानं मायेनं पाजलं, ती मायेनं प्याली, आणि दोघांच्या मायेत अंगठा जायची वेळ आली.

पुढचे तीन आठवडे तातेरावानं घरात येणारी एकही पुडी वाचल्याशिवाय आत येऊ दिली नाही. शेजारचा कचरू मोठ्या अगत्यानं शहरातून बिस्किटं घेऊन आला. "वैनी, ही बिनसाखरेची. तुमच्यासाठी मुद्दाम आणली." तातेरावानं पुडा उलटा केला, डोळे बारीक केले.

"सापापुढं शून्य हाये, खरं हाये तुझं. पन चंद्रकोरीपुढं बहात्तर हाये कचरू! मैद्याची पोटात साखरच होती ना? तूच खा, तुला बहात्तर पचतंय."

"तात्या, तुमच्या घरी पाव्हण्यानं यायचं तरी कसं?"

"हात हलवत यायचं, अन् मुगाचं धिरडं खाऊन जायचं."

गिरिजाबाई पदराआड हसली. तिचं तोंड पुन्हा भरायला लागलं होतं. ओट्यापासून गोठ्यापर्यंत ती न थांबता जायला लागली. जखमेची पट्टी मात्र तातेराव बदलायचा, आणि बदलताना श्वास धरून बघायचा. काळी कड पुढं सरकली नव्हती.

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा डॉक्टरांपुढं. साखर निघाली एकशे अडुसष्ट. डॉक्टरांनी पट्टी सोडली, दिव्याखाली अंगठा धरला, चिमट्यानं कड तपासली.

"लाल दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आतून भरत चाललंय. अंगठा काढायचं कारण नाही आता."

गिरिजाबाईनं डोळ्याला पदर लावला. डॉक्टरही खुशीत होते. कागद पुढं ओढून म्हणाले, "बघा आजी, गोड खायचं सोडलंत, झाली ना साखर खाली? तेव्हाच ऐकलं असतं तर!"

तातेराव खुर्चीवरून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, तिनं सोडलं न्हाई, कारण तिनं धरलंच नव्हतं. गोड मी पाजत होतो, दोन्ही टाइम, चांगलं ढवळून. त्या कागदावर पथ्य पाळत न्हाईत म्हणून लिवलंय ना, ते तिच्या नावापुढचं खोडा, अन् माझ्या नावापुढं लिवा."