साहेबांच्या गुलाबांना पाणी

पहिल्यांदा खटकली ती कोथिंबीर. आता काय सांगू तुम्हाला, बेलापूरच्या ऑफिसातला माझा दुसराच आठवडा, आणि साहेब म्हणाले, "तू वाशीहून येतेस ना? येताना मार्केटवरून एक जुडी आणशील?"

मी म्हटलं, "हो सर."

संपलं. कोथिंबिरीमागून त्यांच्या गॅसचा नंबर लावणं आलं, मग त्यांच्या मुलाच्या वहीत बेडूक काढून देणं. रोज घरून पाठ करून निघायची, "सर, मला नाही जमणार." केबिनमध्ये तोंडातून यायचं, "हो सर, कधीपर्यंत हवाय बेडूक?"

सुटकेचा एकच मार्ग होता, बँकेची परीक्षा. (दिली मी ती, काळजी करू नका.) ती रविवारी, आणि त्याच आठवड्यात साहेब सहकुटुंब महाबळेश्वरला. घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "गुलाबांना तेवढं पाणी घाल हं. तू आहेस म्हणून निर्धास्त जातोय."

सेंटर त्यांच्या बिल्डिंगसमोरच्या शाळेत होतं. म्हटलं, जाता जाता घालू पाणी. एवढी कशी मी शहाणी?

गॅलरीत झारी घेऊन उभी होते आणि खाडीवरून वारा आला. दार धाडकन आपटलं, आतून कडी पडली. मी चौथ्या मजल्यावर, गुलाबांसोबत. पर्स आत, हॉलतिकीट आणि मोबाईल पर्समध्ये. मुख्य दार नुसतं लोटलेलं होतं. कुणी वर आलं असतं तरी सुटले असते.

खाली वॉचमनकाका चहा घेत बसले होते, कानाशी ट्रान्झिस्टर. मी हाक मारली. कशी? "काका, डिस्टर्ब तर नाही ना करत?" शेजारच्या गुलाबालाही ऐकू गेलं नसेल.

तिकडे शाळेच्या फाटकातून मुलं आत जायला लागली. परीक्षा बुडाली की पुन्हा तीच केबिन, तोच बेडूक. इतके महिने घशात अडकलेलं एकदम वर आलं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले,

"सर, मला नाही जमणार!"

सज्ज्यावरची कबुतरं उडाली. ट्रान्झिस्टर बंद झाला. काकांनी मान वर केली.

"काय नाय जमनार गो ताय? अडकलीस का काय? थांब, आलोच मी वर."

इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. आणि डोळे पुसत मी म्हटलं,

"सावकाश या काका. आधी चहा होऊ द्या तुमचा."