पोरीच्या बाटलीतले थेंब

काळी कोंबडी माह्या मांडीवर होती अन् तिच्या नाकातून नारंगी पानी येऊन राह्यलं होतं. ड्रॉपर मी तिच्या चोचीतून काढला तरी येतच होतं. ती चोच उघडे, बंद करे, पुन्हा उघडे, अन् आतून खर्र असा आवाज ये, नळाले पानी याच्या आंधी येते तसा. मी तिचं मुंडकं खाली केलं, वर केलं, पाठीवर थापट्या मारल्या. पोरीले दूध अडकलं का मी असंच करतो. पोरगी माही साडी धरून उभी होती अन् रडून राह्यली होती, काऊन की बाटली तिची होती अन् थेंब कोंबडीले गेले.

"आई, इकडे या लवकर," म्या सासूले आवाज देला.

सासू घरामांगं सांदवाडीत भांडे घासून राह्यली होती. राखेच्या हातानंच आली, उभ्या उभ्या पाह्यलं.

"मारली नं शेवटी," म्हनली. "चार दिवसांपासून सांगून राह्यलो कापू दे, कापू दे. आता कोन खाईल इले?"

कोंबडीनं दोन डाव पाय ताणले. तिचा तुरा जांभळा झाला, मंग काळपट. माह्या साडीवर नारंगी डाग पडला तो अजून आहे, तीन डाव धुतली तरी.

तुमाले वाटन, एका कोंबडीसाठी बाई एवढं काऊन लिहून राह्यली. पोरीचे बाबा पन फोनवर तेच म्हनले. ते तेलंगणात मिरचीच्या कामावर होते. "कोंबडीच होती नं," म्हनले, "मी आलो का दुसरी आनू." त्यायले काय मालूम. अंगनवाडीत पोरीले ते काट्यावर ठेवत नव्हते, मी ठेवत होती.

पोरगी दीड वर्षाची. अंगनवाडीच्या वजनाच्या कागदावर तिचा टिपका दर महिन्याले लाल पट्टीत पडे. बाकी बायांच्या लेकरायचे टिपके वर चालले, माह्या पोरीचा तिथीच, आडवा. अंगनवाडीची बाई बरी आहे, ओरडत नाई. पन ती नुसती पाहे, तरी मले वाटे जमिनीत जावं. पाकिटातला आहार पोरगी थुकून टाके. वरन-भात तोंडात धरून बसे, गिळत नसे. खाये फक्त अंडं. उकडलेलं, त्यातलं पिवळं, तेही माह्या बोटानं. अन् आमच्या पाच कोंबड्यायमधी अंडे नेमानं दे ती काळीच. म्हनून ती माही होती. सासूच्या चार, ती एक माही, मी माहेरून बांबूच्या डालीत घालून आनली होती.

मंग गावात कोंबड्यायवर मर आली. पह्यले लाल कोंबडी गेली, सकाऊन डाल उचलली तर आत आडवी. बाकीच्या पंख फुगवून भिंतीले टेकून बसल्या, हिरवं हिरवं हागून राह्यल्या, डोळे मिटलेले. तांदळाची कनकी टाकली, पाह्यलं नाई. भात टाकला, नाई. काळीसमोर म्या हातात कनकी धरली तर तिनं मान वळवली. पोरगी वळवते अगदी तशी.

आमच्याकडे मर आली का बाया गंज, भगुनं घेऊन घरोघर फिरतात. कोंबडी मराच्या आंधी कापाची, मेल्यावर फेकाची. शेजारची काकू आलीच. दारातच म्हनली, "काय वं, किती उभ्या आहेत? देऊन टाक एखादी, रस्सा तरी होईल. तुह्या घरी तर खानारंच कोनी नाई, पोट्टी तुही हवा खाते."

सासू हसली. म्या काळीवर डाल टाकली अन् डालीवर दगड ठेवला.

"दगड कायले?" सासू म्हनली. "ती कुठी पळून राह्यली?"

"चार दिवस थांबा, आई. नाई उठली तर कापा."

गावात एक बाई आहे, बचतगटातून शिकून आलेली, कोंबड्या-बकऱ्यायची दवाई पाह्यते. हापशीवर भेटली. तिले इचारलं तर म्हनली, या रोगाले दवाई नाई. रोग याच्या आंधी डोळ्यात लसीचे थेंब टाकाचे राह्यते, ते टाकाले मी आली तवा तुही सासू म्हने अंडे बंद होतील, आता बस. आता फक्त ताकद द्याची. खात नाई म्हनजे पोटात काई नाई, पोटात काई नाई म्हनजे रोगाच्या आंधी भूकच मारते. गुळाचं पानी दे, मीठ चिमूटभर, भात पातळ करून दे. अन् तालुक्याच्या दुकानात कोंबड्यायचं व्हिटॅमिन भेटते, ते आन, पान्यात टाक.

तालुक्याले जाची गाडी दिवसातून दोन. पोरीले घेऊन जावं तर ऊन, सासूजवळ ठेवावं तर ती वावरात. अन् सासू म्हने, कोंबडीसाठी तिकीट फाडाचं का. म्या गुळाचं पानी केलं. कोंबड्या प्याल्या नाई. चोच बुडवून देली, झटकून टाकली.

तवा माही नजर फळीवरच्या बाटलीवर गेली. पोरीची ताकदीची दवाई, उपकेंद्राच्या सिस्टरनं देलेली. बाटलीवर सगळं इंग्रजीत, मी आठवीतून निंगाली, मले फक्त सिस्टरनं पेनानं लिहेल होतं तेवढं समजे, रोज इतके थेंब. पन सिस्टर तवा बोलली होती का याच्यात व्हिटॅमिन आहे. हापशीवरची बाईबी व्हिटॅमिनच म्हनली. मंग एकच झालं नं. माह्या डोक्यात असं आलं का काळीले देलं तर वाया कुठी जाते, अंड्यातून पोरीच्याच पोटात येते. हे मले तवा लय हुशारीचं वाटलं. कोनाले सांगतलं नाई, तरी मनातल्या मनात मी खूष झाली होती.

पह्यल्या दिवशी काळीच्या चोचीच्या बाजूनं एक एक थेंब सोडला. तिनं गिळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोरगी बाटली पाह्यली का तोंड उघडे, तिले गोड लागे. म्हनून एक थेंब कोंबडीले, एक पोरीले. एक कोंबडीले, एक पोरीले. ड्रॉपर मधी मधी मी पदराले पुसे.

हो, तोच ड्रॉपर. माह्या डोक्यात ते आलंच नाई. मले दोघीयचे तोंड उघडे दिसत होते अन् मले एवढंच पाह्यजे होतं.

तिसऱ्या दिवशी काळी उठली. पाच दाने कनकीचे खाल्ले, म्या मोजले. बाकीच्या दोघीले पन थेंब देले होते, त्याही जरा मान वर करून राह्यल्या. चौथी सासूनं तोवर कापली होती, ती काकूच्या गंजात गेली. पन काळीनं पाच दाने खाल्ले. त्या दिवशी पोरीनंही चार घास गिळले. मले वाटलं आता फिरलं आपलं.

चौथ्या दिवशी अंगनवाडीत वजन होतं. बाया सकाऊनच चालल्या. सासू ओरडून राह्यली, आटप, पोट्टीले आंघोळ घाल, सगळ्यायच्या मांगून नेऊ नको. पोरगी माही साडी धरून, रडून राह्यली. काळीचे थेंब राह्यलेच होते. म्या म्हनलं एक एक थेंब कोन सोडत बसते, अन् ड्रॉपर भरला, तिची चोच उघडली अन् सगळा एकदम आत दाबला.

मंग जे झालं ते वर सांगतलं.

नंतर हापशीवरच्या बाईनं सांगतलं का कोंबडीच्या जिभेच्या मांगं एक छेद राह्यते, तो हवेचा. पानी त्याच्यात गेलं का संपलं. बाजूनं थेंब थेंबच द्याचं, नाई तर तिचं तिले पिऊ द्याचं. म्या म्हनलं, हे आंधी काऊन नाई सांगतलं. तर म्हने, मी पान्यात टाक म्हनली होती, घशात टाक म्हनली नव्हती. बरोबर आहे. सगळेच बरोबर राह्यतात.

मी तशीच डागाच्या साडीनं अंगनवाडीत गेली. पोरीले काट्याच्या झोळीत ठेवलं. मांगच्या महिन्यापेक्षा कमी भरली. बाईनं टिपका लावला अन् इचारलं, "दवाई देतेस नं?"

"देतो."

मांगून सासू बोलली, सगळ्या बायांसमोर, "देते नं. कोंबड्यायले देते. कोंबडीचं वजन करा, ते वाढलं असन."

बाया हसल्या. काकू तर पदर तोंडाले लावून हसली. "आता कोंबडीले टोपडं शिव वं," म्हनली. मी पन हसली. मले अजून त्या हसन्याचाच राग येते, माह्या सोताच्या.

अंगनवाडीची बाई हसली नाई. तिनं मले बाजूले घेतलं. "एकाच ड्रॉपरनं?"

म्या मान हलवली.

"आजारी कोंबडीच्या तोंडात घातलेला? पोरीले काई झालं तर दवाखान्यात पह्यले हे सांगशील. लपवाचं नाई. समजलं?"

"हो."

दोन दिवसांनी पोरीले जुलाब लागले. पान्यासारखे. संध्याकाळपर्यंत डोळे आत गेले, ओठ सुकले, मांडीवर घेतली तर काळीसारखी लागली, हलकी अन् गरम. शेजारच्याच्या गाडीवर तालुक्याच्या दवाखान्यात नेली. मी मधात, पोरगी छातीले, मांगून सासू. रस्त्यानं सासू माह्या कानात बोलत होती.

"तिथी कोंबडीचं नाव काढू नको. सांगून ठेवतो. सरकारी मानसं येतील, गावातल्या साऱ्या कोंबड्या गोन्यात भरून पुरून टाकतील. टीवीत दाखवलं होतं. मंग गाव आपल्या दारात येईल. माह्या दोन उभ्या आहेत अजून."

दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं सलाईन लावलं. शीर भेटत नव्हती, तीन डाव टोचलं. पोरगी रडाची पन थांबली होती. मंग डॉक्टरीनबाईनं कागद घेतला अन् इचारलं, काय खाल्लं, पानी कुठचं, घरी जनावरं आहेत का. मंग म्हनली, "कोंबड्या? आजारी आहेत का?"

सासू दाराजवळ उभी होती. माह्याकडे पाहून राह्यली होती.

"आहेत," म्या म्हनलं. "बऱ्या आहेत."

तिनं लिहून घेतलं. बऱ्या आहेत.

पोरगी वाचली. दोन दिवसांनी तोंडानं पानी प्याली, तिसऱ्या दिवशी घरी आनली. जुलाब कायचे होते कोनी सांगतलं नाई. ड्रॉपरचे होते का, पान्याचे होते, का नुसते उन्हाचे. मी इचारूच शकत नव्हती, इचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. अंगनवाडीची बाई घरी आली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "सांगतलं का डॉक्टरले?"

"सांगतलं," म्या म्हनलं.

"काय म्हनली?"

"काई नाई होत म्हनली."

ती मले शाबास म्हनून गेली. नवी बाटलीही देली. ती बाटली मी रोज साबनानं धुतो, बाहेरून, येड्यासारखी. पोरगी आता तिच्याकडे पाहून तोंड उघडत नाई. फक्त पाह्यते.

सासूच्या त्या दोन कोंबड्या जगल्या. माह्याच थेंबायनं जगल्या असतील, पन ते कोनी म्हनत नाई. महिनाभर नुसत्या फिरल्या. काल दुपारी त्यातली एक डालीखाली ओरडली. सासूनं हात घालून अंडं काढलं, लहानसं, पातळ सालीचं. माह्या हातात देलं. आयुष्यात पह्यल्यांदा तिनं आपल्या कोंबडीचं अंडं मले देलं, अन् गोड आवाजात म्हनली, "उकडून दे पोट्टीले. कायले रागावतं माह्यावर."

उकडलं. सोललं. पिवळं बोटावर घेतलं. पोरगी चुलीजवळ बसली होती, तिनं पाह्यलं, अन् दवाखान्यातून आल्यापासून पह्यल्यांदा आपोआप तोंड उघडलं.

मरीतून उठलेल्या कोंबडीचं हे अंडं पोरीले चालते का, एवढंच कोनाले तरी इचाराचं होतं. डॉक्टरीनबाईले इचारावं तर तिच्या कागदावर आमच्या कोंबड्या बऱ्या आहेत. अंगनवाडीच्या बाईले इचारावं तर तिच्या हिशोबानं म्या सगळं सांगून टाकलं आहे. पोरीचे बाबा म्हनतील, अंडंच आहे नं. सासू मांगं उभी होती. पोरीचं वजन परवा आहे. अन् तिचं तोंड उघडं, किती वेळ उघडं राहीन मालूम नाई.

माहं बोट तिथीच थांबलं होतं. तुमी असते तर काय केलं असतं?