कनातीपलीकडचं एक मिनिट

शतक संपत आलं होतं तेव्हा मी साताऱ्यात लग्नाच्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचो. दुकान साताऱ्यात आणि कॉम्प्युटर सांगलीत, एका मित्राकडे. आठवडाभर कॅसेटी गोळा करायच्या, फितीवर चढलेली पांढरी बुरशी कापसाने हलकेच पुसायची आणि रविवारी पिशवी खांद्याला लावून सांगलीची एसटी धरायची. यंत्रं मित्राची, पण चित्र सुधारायची अक्कल माझी, असं माझं ठाम मत होतं. काळवंडलेले चेहरे उजळायचे, पडद्यावरच्या मुंग्या घालवायच्या आणि नको ते कापायचं. तीन तासांचं लग्न दोन सीडींत बसवायचं तर कापावंच लागे. कुणाची पाठ, कुणाचा अर्धा फेटा, हलणारा कॅमेरा, सगळं जाई. कापताना माझा हात कधी अडखळला नाही आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

एकदा कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट घेऊन आले. उभे राहायची पद्धत अजून परेडची.

"लेकीचं लगीन हाय," ते म्हणाले. "तुमची काकू हाय ह्यात. बाकीचं कसं बी दिसू द्या, ती तेवढी नीट दिसली पायजे."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी कॅसेट उघडून बुरशी आहे का ते बघत होतो तेवढ्यात त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. आमच्याकडे नवरीची आई अक्षता पडताना बघत नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या की ती तुळशीला पाणी घालत उभी राहते. एकुलती एक लेक. काकूंनी आदल्या दिवशी विचारलं होतं, लांबून बघू का, कुणाला कळणारही नाही. सुभेदारांनी चारचौघांत त्यांना झापलं आणि स्वतः तुळशीपाशी नेऊन उभं केलं.

"परत कवाच तो विषय काढला न्हाई तिनं," ते म्हणाले. "भांडली असती तर बरं झालं असतं. लय सलतंय बगा."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष फितीत होतं.

सांगलीत मी जीव ओतून काम केलं. देवकाच्या पूजेला काकू नवऱ्याशेजारी बसलेल्या सापडल्या. डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू. तेवढा भाग मी असा उजळला की नथीतले मोती मोजावेत. मंगलाष्टकांच्या मधेच मात्र एक मिनिटभराचा कचरा होता. शूटिंगवाल्याचा दिवा विझलेला, वायर बघायला हा गडी कॅमेरा चालूच ठेवून मांडवामागे पळालेला. सगळा अंधार, चित्र तिरकं, वर आडव्या रेघांचा पाऊस. एवढी खराब जागा पूर्ण कॅसेटीत दुसरी नव्हती. मी ती उडवली आणि तिथे गुलाबाच्या पाकळ्या उधळणारा इफेक्ट टाकला. मित्राला दोनदा बोलावून दाखवला.

पुढच्या आठवड्यात सुभेदार दुकानात सीडी बघायला बसले. देवकाची पूजा आली. मी शेखी मिरवत म्हटलं, "बघा, काकू कशा दिसतायत."

"झ्याक दिसत्यात," ते म्हणाले. "पर ही न्हवं."

मग मंगलाष्टका आल्या. ते पुढे सरकले, गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघू लागले. पडद्यावर पाकळ्या उडाल्या आणि थेट टाळ्या वाजल्या.

"हितं ती हुती," ते म्हणाले. "तुळशीपाशी. अंधारात हाय, पर हाय. मी रोज तेवढंच बघतो. मागं घ्यायचं, परत बघायचं."

त्या एकाच जागी इतक्या रेघा का होत्या, ते मला तेव्हा कळलं. ज्याला मी कचरा म्हटलं, ते रोज बघून बघून झिजलेलं होतं. काकू कुठे आहेत हे त्यांना विचारायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. तोंड उघडून तेवढंही विचारलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

सांगलीतल्या कॉम्प्युटरमधली नक्कल पुसलेली होती. कॅसेट तेवढी शाबूत होती, पण तिथली फीत अजून किती वेळा चालेल याची खात्री देता येत नव्हती. मी तसं सांगितलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी बी येतो संगं."

रविवारी आम्ही दोघं एसटीने निघालो. कॅसेटीची पिशवी त्यांनी सगळी वाट स्वतःच्या मांडीवर धरली होती. सांगलीत मित्राने खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली; मागे उभेच राहिले. फीत करकरली, एकदा चित्र पार गेलं, पण मिनिट पूर्ण उतरलं. या वेळी मी कात्रीला हात लावला नाही. रेघा जमतील तेवढ्या मऊ केल्या आणि उजेड हळूहळू वाढवू लागलो.

आधी वृंदावनाची कड दिसली, मग लुगड्याचा काठ, मग तांब्या धरलेला हात. सुभेदारांना ठाऊक होतं ते एवढंच. मी आणखी थोडा उजेड चढवला.

"थांबा," सुभेदार म्हणाले. "पानी बगा की."

तांब्यातलं पाणी तुळशीत पडतच नव्हतं. ते बाहेर, जमिनीवर सांडत होतं. काकूंचं तोंड तुळशीकडे नव्हतंच. दुसऱ्या हाताने त्यांनी मांडवाची कापडी कनात बोटभर बाजूला सारली होती. त्या फटीतून आलेल्या उजेडाची एक पट्टी त्यांच्या गालावर पडली होती आणि त्या आत बघत होत्या. शेवटचं 'सावधान' झालं, टाळ्या वाजल्या, तसं त्यांनी कनात सोडली आणि शहाण्यासारख्या तुळशीकडे वळल्या.

मी पुन्हा लावू का, असं विचारलं. त्यांनी हाताने नको म्हटलं. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हितं फोन कुठं हाय?"

कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला, मी फिरवून दिला. पलीकडे लेक आली.

"आगं, मी बोलतोय," ते म्हणाले. मग रिसीव्हर खांद्याशी धरून परत चष्मा पुसू लागले. लेक घाबरून काय झालं, काय झालं विचारत होती, ते मला बाहेर ऐकू येत होतं.

"काय न्हाई झालं, बाळा," ते शेवटी म्हणाले. "तुज्या आईनं तुजं लगीन बगितलंय."