सड्यावरच्या प्राण्याचा डोळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — कसं, ते मात्र अजून कळत नाहीये.

जयगडच्या वाटेवर, एका सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, कातळात कोरलेला एक प्राणी आहे. अंग वाघाचं, पाय पक्ष्याचे. तोंड कशाचं, कुणाला ठाऊक? त्याला डोळा नाही. कोरणाऱ्यानं ठेवलाच नाही. मी आणि शिगवण गुरुजी त्याचे ठसे घ्यायला गेलो होतो. गुरुजींनी मला शाळेत चित्रकला शिकवली, या कामावरही त्यांनीच लावलं. ओला कागद कातळावर दाबून बसवायचा, वरून शाईची पुरचुंडी टिपत जायचं. खाचा तेवढ्या पांढऱ्या राहतात.

गुरुजी पाणी आणायला खाली वाडीत उतरले होते. मी तोंडाचा ठसा उचलला — त्यात डोळा होता. उघडा. माझ्याकडे बघणारा. कातळावर हात फिरवला. नुसता तापलेला, खरखरीत जांभा. मग हा आला कुठून? कागद ओलाच घडी करून मी पिशवीत कोंबला. गुरुजींना म्हटलं, फाटला.

त्यांनी दुसरा घेतला. त्यातही डोळा — पण हा गुरुजींकडे बघत होता. ते पोरासारखे हसले. "बघ गो, जागा झाला!"

रत्नागिरीत, हे काम देणाऱ्या साहेबांनी गुरुजींचा ठसा कातळाच्या फोटोशेजारी ठेवला. "गुरुजी, हा डोळा तुम्ही हातानं काढलाय."

"हिला विचारा. ही होती तिथं."

पिशवी माझ्या मांडीवर होती. माझा कागद आत होता. मी म्हटलं, "मला नाही दिसला, सर."

घाबरले होते? हो. पण काम जाईल, हेही मनात होतंच. माझं काम टिकलं. गुरुजींना पुन्हा कुणी बोलावलं नाही. माझा कागद मी चुलीत घातला.

इथवरच असतं तर — पण नाही.

दोन वर्षांनी संगमेश्वरला त्यांच्या घरी गेले. भिंतीवरची चित्रं उतरवलेली होती. "डॉक्टर म्हणतो, नजर चांगली आहे," गुरुजी म्हणाले. "म्हणजे बिघाड डोक्यातच. खरं सांग गो, तुला दिसला नव्हता ना?"

ते रागावलेले नव्हते. भ्यायलेले होते — स्वतःलाच. माझा एक शब्द पुरला असता.

"नाही, गुरुजी."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले. त्याच वर्षी ते वारले. आपलं डोकं फिरलंय, असं समजूनच.