साडूभाऊ आणि वर्धापनदिनाची गाडी

साहसाची एवढी तयारी करून एकदाही साहस न केलेला माणूस माझ्या धुळ्याच्या साडूभाऊंसारखा अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, ते यजमान. आग्रा रोडला त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आणि दाराशी एक उंच, लाल इटालियन मोटारसायकल. ही गाडी वाळवंटं आणि डोंगर तुडवण्यासाठी बनवलेली आहे, असं मी त्यांच्याच तोंडून ऐकत आलो. प्रत्यक्षात ती तुडवते धुळे-जळगाव रस्ता, तोही लग्न, बारसं आणि दहावं या तीन कारणांनी. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आहेत. परदेशात म्हणे त्यांत तंबू नेतात. साडूभाऊंच्या पेट्यांतून जळगावात आमच्याकडे कळण्याच्या भाकरीचं पीठ येतं आणि परत जाताना भरताची वांगी जातात. लग्नालासुद्धा ते गुडघ्यांवर पॅड, कोपरांवर पॅड आणि अंगात जाडजूड जाकीट घालून येतात. एकदा वधूपक्षाच्या एका काकांनी त्यांना मांडवाच्या दारातच अडवून, "पार्सल तिकडं स्वयंपाकाकडं द्या," असं सांगितलं होतं. अक्का त्या गाडीवर कधीच बसली नाही. ती एसटीनं येते आणि त्यांच्या आधी पोचते, कारण साडूभाऊ दर दहा-बारा मैलांवर थांबून सगळे नटबोल्ट हातानं चाचपून बघतात.

थांबणं हाही त्यांच्या बाबतीत साधा प्रकार नाही. गाडीवर बसलं की त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे ओटा, दगड, फुटपाथची कड असं काहीतरी बाजूला लागतं. आमच्या गल्लीत शेजाऱ्यांचा ओटा त्यांनी त्यासाठी हेरून ठेवला आहे. एकदा नेमकी तिथं भाजीची हातगाडी उभी होती. साडूभाऊंनी गल्लीला फेऱ्या मारायला सुरुवात केली आणि दर फेरीला दारात उभ्या असलेल्या माझ्याशी एक वाक्य बोलत गेले. पहिल्या फेरीला, "सर, घरीच का?" दुसऱ्या फेरीला, "अक्का पोचली ना?" तिसऱ्या फेरीला, "चहा टाकायला सांगा." पाचव्या फेरीला हातगाडी हलली तेव्हा चहा गार झाला होता.

गाडीच्या सोवळ्याबद्दल तर बोलायलाच नको. कंपनीनं जे दिलं नाही ते गाडीला लागता कामा नये, हा नियम. दसऱ्याला अक्कानं टाकीवर कुंकवाचं बोट लावलं, तर हे मऊ फडकं घेऊन मागेच उभे. "पूजा टायरची कर," म्हणाले, "टायर बदलता येतं."

खानदेशात अशा गाडीचे आम्हाला ठाऊक असलेले मालक तिघेच. एक साडूभाऊ, दुसरे शिरपूरचे एक दातांचे डॉक्टर, आणि तिसरे असोद्याचे नाना, केळीचे बागायतदार, वयानं सगळ्यांत मोठे. महिन्यातून एका रविवारी सकाळी तिघं पारोळ्याजवळच्या एका धाब्यावर जमत. मला गाडीतलं काही कळत नाही, पण तिथली भजी कळतात, म्हणून नाना येताना मला जळगावातून मागे बसवून आणत.

अशाच एका रविवारी डॉक्टरांनी बातमी आणली. त्या गाडीच्या वर्धापनदिनानिमित्त कंपनीनं एक खास आवृत्ती काढली होती. मोजक्याच गाड्या, जुन्या शर्यतीच्या गाडीसारखा रंग, सोनेरी रिंगा, आणि हँडलजवळ प्रत्येक गाडीचा स्वतंत्र क्रमांक कोरलेली पट्टी. नाशिकच्या शोरूमच्या वाट्याला एकच येणार होती.

साडूभाऊंनी फोनवरचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले. एरवी ते आमच्याशी शुद्ध बोलतात, पण मन हललं की अहिराणी बाहेर येते. "बठ्ठं तेच शे," म्हणजे सगळं तेच आहे, असं ते म्हणाले. "इंजिन तेच, चाकं तीच. फक्त रंग दुसरा शे."

"पण क्रमांक आहे ना भाऊ," डॉक्टर म्हणाले.

"क्रमांक तर एसटीच्या शिटालाबी असतो," नाना म्हणाले.

चर्चा दोन तास चालली. शेवटी साडूभाऊंनीच ठराव मांडला. एकानं घेतली की बाकीच्या दोघांना आपली गाडी जुनी वाटायला लागेल. तेव्हा कोणीच घ्यायची नाही. तिघांनी चहाच्या ग्लासांवर हात ठेवून शब्द दिला. नानांनी हात जरा जास्तच वेळ ठेवल्याचं मला आठवतं.

पुढच्या आठवड्यात मी धुळ्याला गेलो होतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साडूभाऊंनी माझ्यादेखत नाशिकला फोन लावला. "नुसतं विचारतो," असं मला म्हणाले, पण तिकडच्या मुलीला गाडी आपल्या नावावर लिहून घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "सॉरी सर, ती कालच शिरपूरच्या डॉक्टरांनी बुक केली." साडूभाऊंनी फोन ठेवला आणि समोरच्या मोटारीवरची धूळ पुसत राहिले. डॉक्टरांवर रागवायची सोय त्यांना उरली नव्हती. तसं केलं असतं तर हे कळलं कसं, ते सांगावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी डॉक्टर नवी गाडी घेऊन धाब्यावर आले. खाली मान घालून म्हणाले, "चुकलो. मोह झाला." नानांनी त्यांना काय काय ऐकवलं. मग साडूभाऊंकडे हात करून म्हणाले, "याच्याकडून शिक. याला सगळ्यात जास्त आवड, तरी शब्द पाळला त्यानं."

ते ऐकून साडूभाऊंचा चेहरा उतरला. तिथं ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी तर बोलणार नव्हतो. पण ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नाना, मी बी फोन करेल व्हता. याना नंतर एक दिवस."

नानांनी हातातली भजी ताटलीत परत ठेवली. "म्हंजे शब्द देणारा मी एकलाच होतो," एवढंच म्हणाले. उठले, गाडी चालू केली आणि गेले. मला मागे बसवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी एसटीनं घरी आलो.

त्यानंतर नाना येईनात, फोन उचलेनात. धाब्याचे तीन रविवार असे गेल्यावर साडूभाऊ सकाळीच आमच्या दाराशी आले. पेटीत नेहमीचं पीठ नव्हतं. "असोद्याला चला," म्हणाले. त्यांच्या मागे बसण्याची माझी ती पहिली वेळ. गावाबाहेर नानांच्या मळ्याची वाट लागली. केळीला पाणी सोडलेलं, वाट चिखलाची. समोर नाना दिसले, आणि साडूभाऊंनी थांबण्यासाठी सवयीनं डावीकडे पाय काढला. तिथं ओटा नव्हता, पाट होता. गाडी, साडूभाऊ आणि मी तिघंही पाटात गेलो.

नाना धावत आले. आधी मला ओढलं, मग साडूभाऊंना, मग तिघांनी मिळून गाडी. पॅड घातल्यामुळे साडूभाऊंना खरचटलंही नव्हतं. माझं कोपर सोललं होतं. चिखलानं माखलेले साडूभाऊ तसेच उभे राहून म्हणाले, "नाना, मन्हं चुकनं."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "वाळवंटात जाणार होता ना रे तू?" म्हणाले. मग पाइप घेऊन आधी गाडीवर पाणी मारायला लागले. साडूभाऊ टाकीवरचा चिखल हातानंच पुसत होते. त्यांना मऊ फडक्याची आठवण झाली नाही. दुपारी नानांकडे आम्ही जेवलो. त्या गोष्टीचा विषय कोणी काढला नाही.

पुढे वर्षभर धाबा पूर्वीसारखा भरला. डॉक्टरांच्या गाडीला तिघं मिळून नावं ठेवत, त्यात डॉक्टरही असत. मग नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलानं त्यांना पुण्याला नेलं. मळा भावकीत कसायला दिला, गाडी इंदूरच्या कोणा मुलानं विकत नेली. ती नेली त्या दिवशी साडूभाऊ मुद्दाम असोद्याला जाऊन आले.

आता रविवारी मी एसटीनंच पारोळ्याला जातो. कंपनीनं नवीन काही काढलं की डॉक्टर फोटो दाखवतात. साडूभाऊ पाहतात, पण लगेच मत देत नाहीत. ते पुण्याला फोन लावतात, स्पीकर चालू करतात आणि फोन चहाच्या ग्लासाला टेकवून उभा ठेवतात. नाना गाडीबद्दल फारसं विचारत नाहीत. भजी कशी झालीत, कपाशी केवढी झाली, रस्त्याचं काम कुठवर आलं, एवढं विचारतात. साडूभाऊ एकेक सांगत जातात, आणि सांगण्यासारखं संपलं की रस्त्यानं जाणारी वाहनं सांगायला लागतात. "आते ट्रक गया, नाना. केळीना."

"भरेल शे का?" ट्रक भरलेला आहे का, ते नाना तिकडून त्यांच्याच बोलीत विचारतात.

साडूभाऊ मान वळवून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहतात, आणि मग सांगतात, "भरेल शे."