मॅसेडोनियाची वकिली

चहा होईपर्यंत थांबा, मग सांगते. नाहीतर बाहेरून तिखटमीठ लावून कळायचं. मुलीचं ठरलेलं लग्न मी भर हळदीकुंकवात मोडायला निघाले होते, आणि तेही कुणापायी? उत्तर मॅसेडोनिया नावाच्या एका देशापायी.

हसताय काय? खरंच सांगतेय.

मी मुलुंडच्या शाळेत आयुष्यभर इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी आंतरराष्ट्रीय राजकारणात. त्यातही मोठ्या देशांचं मला काडीचं कौतुक नाही. माझा जीव छोट्यांवर. त्यांना जो उठतो तो अक्कल शिकवतो आणि ती बिचारी सगळ्यांशी गोड बोलत दारात उभी. मला अशांची चीड येते, म्हणजे शिकवणाऱ्यांची.

माझ्या मुलीचं नाव भागीरथी. माझ्या आजीचं नाव ते. ठेवलं तेव्हा सासरी एकजात सगळ्यांनी नाकं मुरडली, मी कुणाला जुमानलं नाही. तिचं लग्न ठरलं दहिसरच्या परबांकडे. मुलगा गुणी, माणसं साधी, आणि दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम की बघून बरं वाटावं. घरात शब्द चालतो तो मुलाच्या शालूआत्याचा.

एक दिवस आत्याबाईंचा फोन आला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग हळूच, ‘‘विहीणबाई, तांदळात नाव खयचा लिवूचा, ता ठरला काय?’’

माझं डोकंच फिरलं. तुम्हाला माहीतच आहे, नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं. नवं! जुन्याला काय झालंय? माझ्या आजीच्या नावाला कीड लागलीय?

‘‘अगं, भागीला एकदा विचार तरी,’’ माझा नवरा म्हणाला.

‘‘तिला काय विचारायचंय? ती भोळी. प्रेमात मान डोलावेल.’’

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? आत्याबाईंना सरळ सांगितलं असतं. पण व्याह्यांना सरळ बोलायची आपल्यात पद्धत आहे का? आपली रीत ठरलेली, लेकी बोले सुने लागे. सोसायटीच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष कुलकर्णीबाईंनी मला थोडं बोलायला सांगितलं होतं. त्यांच्या मनात विषय होता गुडघेदुखी. मी शालूआत्यांना अगत्याने बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि विषय घेतला उत्तर मॅसेडोनियाचं परराष्ट्र धोरण.

हॉलमध्ये जी शांतता पसरली ती आदराची नव्हती, हे मला आज कळतंय.

पण मी पेटले होते. म्हटलं, ‘‘बायांनो, युगोस्लाव्हिया फुटला आणि हा छोटासा देश वेगळा झाला. आईबापांनी ठेवलेलं नाव मॅसेडोनिया. शेजारचा ग्रीस म्हणाला, हे नाव आमच्या वारशातलं, आमच्या एका प्रांताचं. तुम्ही वापरायचं नाही. झेंड्यावरचा सूर्यही आमचा. बिचाऱ्यांनी झेंडा बदलला. युरोपीय संघाच्या मोठ्या घरात नांदायचं होतं ना. तिथला नियम असा, की आतल्या एकानेही नाही म्हटलं की दार बंद. शेवटी त्यांनी नावही बदललं. पुढे ‘उत्तर’ लावलं. आता तरी घ्यायचं की नाही आत?’’

तिळगूळ चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

‘‘नाही घेतलं. ग्रीस गप्प बसला तर बल्गेरिया उभा राहिला. म्हणे तुमची भाषा ही आमचीच बोली आणि तुमचा इतिहासही आमच्याशी जुळवून सांगा. म्हणून सांगते, एकदा नाव सोडलं की मागणारा थांबत नाही. सासर कितीही मोठं असो!’’

‘सासर’ हा शब्द मी शालूआत्यांच्या डोळ्यात डोळे घालून उच्चारला.

आणि बाण सुटला तो सगळीकडे लागला, फक्त त्यांना सोडून.

थोरातांची सून मागच्या रांगेत डोळे पुसायला लागली. लग्नात तिचं नाव बदललेलं, आणि अजून सासू तिला फोडणी देऊ देत नाही. थोरातसासू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी नजर खिडकीकडे वळवली. तिकडे समोरच्या नव्या टॉवरमधल्या बायका उभ्या. त्यांना मंडळात घ्यायला कुलकर्णीबाईंचा विरोध. त्यातली एक मोठ्याने म्हणाली, ‘‘ऐका, ऐका. आमचंच चाललंय.’’

कुलकर्णीबाई लालबुंद. ‘‘म्हणजे ग्रीस आम्ही का, बाई? तुम्हाला बोलायला सांगितलं, तर आमचाच अपमान?’’

‘‘अहो, तुमचा काय संबंध?’’

‘‘मग कुणाचा संबंध? इथे दुसरं कोण कुणाला अडवतंय?’’

या गोंधळात शालूआत्या शांत. हात वर करून त्यांनी प्रश्न विचारला, ‘‘तेंच्याकडे समुद्र आसा?’’

‘‘नाही. एक मोठं तळं आहे.’’

‘‘समुद्र नाय? मगे जाऊंदे गो बिचाऱ्यांका युरोपात.’’

हॉल हसला आणि माझा तोल सुटला. एवढं घसा फोडून सांगतेय आणि ही बाई मासे शोधतेय! सगळा आडपडदा सोडून मी माइकवरच बोलले, ‘‘आत्याबाई, स्पष्टच सांगते. माझी भागीरथी नाव बदलणार नाही. तांदळात दुसरं नाव लिहायचं असेल, तर हे लग्न होणार नाही.’’

दाराशी वाण द्यायला उभी असलेली माझी भागी पांढरीफटक पडली. तिच्या हातातली वाटी खाली पडून फिरत राहिली. माझ्या एका वाक्याने तिचा संसार मांडायच्या आधीच उधळला होता. मला ते दिसत होतं, पण माघार घ्यायची सवय नाही ना!

शालूआत्या गोंधळून उभ्या राहिल्या. ‘‘माका काय गो? तिचा नाव ता, तिका व्हया ता ठेवूंदे. तीच म्हणाली बदलूचा आसा, म्हणान मी इचारलंय.’’

मी भागीकडे वळले. ती पुढे आली आणि माझ्या हातातला माइक आधी बंद केला. माझीच मुलगी ती.

‘‘आई, मलाच बदलायचंय. शाळेत पोरं मला भागीरथीआजी म्हणायची. ऑफिसात अजून आजीच म्हणतात. मला रेवा व्हायचंय. तुला सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून लग्नाचं निमित्त बघत होते.’’

‘‘हिंमत होत नव्हती? मी काय खाणार होते तुला?’’

‘‘आत्ता माझं लग्न मोडत होतीस.’’

यावर गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मी! ‘‘हे बघ, ते नाव तुझं एकटीचं नाही. माझ्या आजीचं आहे. आमच्या घराण्याचा वारसा आहे, इतिहास आहे. मला विचारल्याशिवाय तुला त्यात परस्पर फेरफार करता येणार नाही. मी परवानगी देत नाही.’’

कुलकर्णीबाईंनी तिळगुळाची वडी माझ्या हातावर ठेवली आणि एकदम मायेने म्हणाल्या, ‘‘घ्या, गोड बोला. आम्हाला उगीच वाटलं, ग्रीस आम्ही आहोत.’’

सगळा हॉल हसत सुटला. थोरातांच्या सासू-सुना एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. शालूआत्यांना शेजारणीने समजावून सांगितलं, मग त्याही हसल्या. शेवटी भागी हसली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

लग्न झालं. तांदळात जावयाने ‘रेवा’ लिहिलं, आणि मी शेजारी उभी राहून बघितलं. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

पण एक सांगून ठेवते. त्यानंतर मी तो सगळा वाद पुन्हा नीट वाचून काढला. ग्रीसचंही काही अगदीच चुकत नव्हतं हं.